बरी असल्याचा दाखला

पोशीर, ता. कर्जत, जि. कुलाबा
९ जून १९७४

ती. कमळाकरदादास,
पुतळाचा शिरसाष्टांग नमस्कार.

दादा, तू दर पत्रात "प्रकृतीस जप" लिहितोस आणि मी दर पत्रात "मी बरी आहे" लिहिते. या खेपेस तसं लिहीत नाही. दिवाळीत मला कावीळ झाली होती ते तुला ठाऊक आहे. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, जेवण जाऊ लागलं, सगळे म्हणाले उतरली. कावीळ उतरली, पण अंगातलं त्राण घेऊन गेली. सकाळी उठते तीच रात्रभर कुणी बडवून काढल्यासारखी. भाकऱ्या थापायला बसले की हात खांद्यापासून गळतात. एखाद्या दिवशी बरं वाटतं, मग मी साचलेलं सगळं काम उरकते, आणि त्याची शिक्षा म्हणून पुढे कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहते. ताप नाही, सूज नाही, खोकला नाही. लोकांना दाखवायला माझ्याजवळ काहीच नाही.

सासूबाई वाईट नाहीत. पण बाळंतपणाखेरीज त्यांनी दिवसा कधी पाठ टेकलेली नाही. शेजारच्या सोनुबाईला सांगतात, "माजी सून राणी हाय गं. हलवून हलवून जागी करावी लागते." भगताचा अंगारा झाला, नेरळचं टॉनिक झालं. आता मामंजींनी आणि दिरांनी ह्यांच्यामागे लकडा लावला आहे, की लावणी उरकली की पंच बसवायचे, काडीमोड करायची आणि मला तुझ्याकडे पोचवायचं. मंगळीला मात्र इथेच ठेवून घेणार आहेत. ती तीन वर्षांची आहे, दादा. अजून माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही.

हे अजून माझ्या बाजूने आहेत. परवा म्हणाले, "पुतळे, तू आजारी हायेस असं डाक्टरच्या हातचं लिवून आन. मंग मी बापाशी बी भांडन आन पंचांशी बी. नुसत्या तुज्या तोंडावर काय भांडू?" त्यांचं काही चुकत नाही. तू डॉक्टरांकडे कंपाउंडर आहेस. मला तेवढा एक कागद मिळवून दे. माझी पोर माझ्याजवळ राहील.

तुझी,
पुतळा

*

खोपोली, ता. खालापूर
१५ जून १९७४

चि. सौ. पुतळास अनेक आशीर्वाद.

वेडे, इतके महिने गप्प कशी राहिलीस? लहानपणी बोटात काटा गेला तरी वाडी जागी करणारी तू. पत्र वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पण आता घाबरू नकोस. तुझा भाऊ डॉक्टर टिपणीसांच्या दवाखान्यात नुसत्या बाटल्या हलवत नाही, डॉक्टर त्याचं ऐकतात.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कमळाकर, थकवा काही थर्मामीटरने मोजता येत नाही. पण माणसाला काय काय करता येतं ते मोजता येतं, आणि त्यावरून अंदाज बांधता येतो." त्यांच्या मुंबईच्या एका डॉक्टर मित्राने त्यासाठी प्रश्न काढले आहेत. इंग्रजीत आहेत, मी मराठी करून सोबत जोडले आहेत. प्रत्येकापुढे "येतं", "कष्टाने येतं" किंवा "येत नाही" एवढंच लिहायचं. जिना चढता येतो का, बाजारातून भरली पिशवी आणता येते का, बस पकडायला पळता येतं का, वाकून केर काढता येतो का, आंघोळ आपली आपण करता येते का, असे आहेत. भरला हंडा विहिरीवरून आणता येतो का, हा प्रश्न मी माझ्या पदरचा घातला आहे, कारण मुंबईच्या डॉक्टरला हंडा कुठला ठाऊक!

खरं खरं लिही. लाजू नकोस आणि वाढवूनही लिहू नकोस. काळूरामरावांना म्हणावं, कागद मिळालाच म्हणून समजा.

तुझा,
दादा

*

पोशीर
२३ जून १९७४

ती. दादास शि. सा. न.

तुझे प्रश्न वाचून मी पुष्कळ दिवसांनी हसले. जिना म्हणशील तर माडीचं घर आमच्याकडे फक्त मालोजींचं, आणि ते पंचांतले मुख्य, मला माडीवर कशाला बोलावतील? बाजार हे करतात. एस. टी. पकडायला पळावं लागत नाही, पांडू ड्रायव्हर बाई दिसली की आपण होऊन थांबतो. मुंबईच्या डॉक्टरांना सांग, की तुमच्या हिशेबाने पोशीरच्या निम्म्या बायका आजारी निघतील.

आता खरं लिहिते. आंघोळ आपली आपण करता येते, पण त्यानंतर केस विंचरायला हात वर होत नाहीत. केर काढता येतो, पण मग तिथेच उंबऱ्याशी बसावं लागतं, आणि सासूबाई म्हणतात, "बसली का बाय?" आणि हंडा? हंडा आणता येतो, दादा, आणि इथेच माझं सगळं अडतं. आज मी भरला हंडा डोक्यावर आणीन. विहिरीवरच्या बायकांना वाटेल, हिला काय धाड भरलीय. पण परवा मी उठून माठातलं पाणी घेऊ शकणार नाही. हे लगेच होत नाही. एक दिवस मध्ये जातो, मग अंगावर कोसळतं. तर मग तुझ्या कागदावर मी "येतं" लिहू की "येत नाही" लिहू? "येतं" लिहिलं तर खोटं, "येत नाही" लिहिलं तरी खोटंच. तुमचा कागद करता येतं का एवढंच विचारतो. केल्यावर बाईचं काय झालं, ते विचारत नाही.

डॉक्टरांना हे नक्की विचार. त्यांच्याकडे त्याचं काही माप असेल तर माझी सुटका होईल. मी हंड्यापुढची जागा कोरी सोडली आहे.

इथे लावणी सुरू होईल. दर घरामागे एक माणूस प्रत्येकाच्या शेतावर जायचं, आज आमच्याकडे ते, उद्या त्यांच्याकडे आम्ही. आमच्या घरातून सासूबाई जातात. मला घरी ठेवतात त्याचेही टोमणे आहेतच.

तुझी,
पुतळा

*

खोपोली
२४ जुलै १९७४

रा. रा. काळूरामराव यांस,
कमळाकरचा सप्रेम नमस्कार.

पेढे वाटा! आनंदाची बातमी आहे म्हणून पुतळाला न लिहिता थेट तुम्हालाच लिहितो.

ठरल्याप्रमाणे पुतळा सोनुबाईंना घेऊन दवाखान्यात आली. तिने लिहून पाठवलेल्या प्रश्नांत काही जागा कोऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी काय होतं ते विचारा, असंही तिचं म्हणणं होतं. डॉक्टर म्हणाले, त्याचा रकाना कागदावर नाही, बाईंना समोर आणा, आपण डोळ्यांनीच पाहू. मग त्यांनी तिला आमच्या दवाखान्याचा जिना चढायला-उतरायला लावला. चढली. पाण्याची बादली उचलायला सांगितली. उचलली. ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळून मुठीत दिला आणि म्हणाले, दाबा. तिने असा दाबला की काटा सर्रकन वर गेला, डॉक्टर म्हणाले, "शाबास." रक्त तपासलं, छातीला नळी लावली. काविळीचा मागमूस नाही. चेहऱ्यावर तर काय तेज होतं!

आणि सोनुबाईंनी जे सांगितलं त्याने माझी छातीच फुगली. आदल्या दिवशी मालोजींच्या शेतावर लावणीला तुमच्या घरची पुतळा गेली होती, आणि सगळ्या बायकांत तिचा हात पुढे होता! काळूरामराव, माझी बहीण आळशी कधीच नव्हती, हे आता गावाने पाहिलं. तिला लागलेला बट्टा पुसला गेला. परत जाताना कसं वाटतंय असं मी विचारलं, तर मात्र म्हणाली, "आज मला विचारू नको."

डॉक्टरांनी इंग्रजीत दाखला दिला, त्याचं मी मराठी करून दवाखान्याचा शिक्का मारून सोबत जोडलं आहे. "तपासणीत कोणताही रोग आढळत नाही. प्रकृती निकोप. सर्व कामास योग्य." आता पंच कशाला आणि काडीमोड कशाला? हा कागद घरात मोठ्याने वाचून दाखवा.

आपला,
कमळाकर

*

मु. पो. पोशीर
५ ऑगस्ट १९७४

रा. रा. कमळाकरदादा यांस,
काळूरामचा नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की,

आपला कागद पोचला. आपण लिहिल्याप्रमाणे घरात मोठ्याने वाचला. तो वाचला तेव्हा आपली बहीण आतल्या खोलीत निजलेली होती. खोपोलीहून आली, एक रात्र गेली, आणि जी निजली ती आजपावेतो उठलेली नाही. उजेड नको म्हणते, भांड्याचा आवाज नको म्हणते. मंगळी गळ्यात पडली तर तिलाही बाजूला करते.

दादा, आजारी म्हणून निजली असती तर मी तिचे पाय दाबले असते. मी बापाचं, भावांचं ऐकून घेत होतो ते ती आजारी आहे या भरवशावर. आता डॉक्टर म्हणतात निकोप. लावणीत तिचा हात पुढे होता, तो सगळ्या गावाने पाहिला, मीही पाहिला. मालोजी म्हणाले, "कालूराम, अशी बाई मी आजवर पाह्यली नाय. दुसऱ्याच्या शेतात वाघीन, आन आपल्या घरात मेलेली." मला मान वर करता आली नाही.

म्हणजे तिला येतं, पण माझ्या घरात करायचं नाही. याचा दुसरा अर्थ मला लागत नाही. तुम्हाला लागत असेल तर कळवावं. गौरी-गणपती झाले की पंच बसतील.

आपला,
काळूराम

*

पोशीर
१८ ऑगस्ट

दादा,

हे पत्र मी पेन्सिलीने, पडल्या पडल्या, तुकड्या तुकड्याने लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

तू मला विचारलं नाहीस. कागद पाठवण्याआधी एकदा मला विचारलं नाहीस रे. मी कागद मागितला होता आजारी असल्याचा. तू पाठवलास बरी असल्याचा. आणि वर पेढे!

लावणीचं सांगते. सासूबाईंच्या पायात काटा मोडून पाय सुजला. मालोजींकडची माणसं आमच्या शेतावर राबून गेली होती, त्यांच्याकडे आमचं माणूस गेलं नसतं तर घराचं नाव गेलं असतं. मला त्या दिवशी जरा बरं वाटत होतं. मनात आलं, पंचांत बसणार मालोजी, त्यांच्याच शेतात दिसू दे की मी कामचुकार नाही. बस, हीच माझी अक्कल.

जाताना ठरवलं होतं, सावकाश लावायचं. पण आपल्याकडे बाईला सावकाश कुठे लावू देतात? तू विसरलास का? एखादीचा हात मागे पडला की दोन्ही बाजूच्या बायका लावत लावत उलट पावली भराभर मागे सरकतात, तिच्या पाठीमागे रोपं लावून टाकतात, आणि ती बाई मधल्यामध्ये कोंडली जाते. मग सगळं शेत हसतं, आणि तिच्या घराला वर्षभर ऐकावं लागतं. सोनुबाई एका बाजूने, मालोजींची सून दुसऱ्या बाजूने. मी कोंडून घेतलं नाही. मुठीमागून मूठ लावत गेले. माहेरी आईने शिकवलेला हात, दादा, तो तसा मरत नाही. बायका मला आवरायला ओरडत होत्या, "अगं पुतळे, ल्हऊ ल्हऊ, जरा दमानं!" खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पुष्कळ दिवसांनी मी माणसांत होते.

दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले ती त्याच झिंगेत. जिना चढले, मूठ दाबली. डॉक्टर शाबास म्हणाले तेव्हाच मला आतून कळलं होतं की आता येणार. तुला म्हटलं, आज विचारू नको. तू तेजच बघत बसलास.

आता पुढचं सांगते.

तिसऱ्या दिवशी आलं. घसा सुजला, मांड्यांतून कळा. शब्द आठवत नाहीत. परवा "चमचा" आठवेना. लहान मुलासारखी रडले. रडण्यानेही थकले.

मंगळी येते आणि उशीशी बसते. तिचा आवाज डोक्यात घणासारखा बसतो म्हणून तिला मी बाजूला सारते. माझ्या पोरीला मी बाजूला सारते, दादा. आणि तिच्यासाठीच हे सगळं चाललं आहे.

डॉक्टरांना आण. आत्ता आण, मी अशी असताना. चांगल्या दिवशी पाहून काय उपयोग?

पुतळा

*

खोपोली
२० सप्टेंबर १९७४

चि. सौ. पुतळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की आता घडीवर फाटलं आहे. तुझी माफी मागायला तोंड नाही. तू बरी असावीस असं मला इतकं वाटत होतं, की बरी दिसलीस आणि मी पुढचं काही पाहिलंच नाही.

डॉक्टर पोशीरला येऊन गेले तेव्हा तू अर्धवट गुंगीत होतीस, म्हणून काय झालं ते लिहितो. त्यांनी तोच पट्टा तुझ्या मुठीत दिला. काटा जागचा हलला नाही. त्यांना वाटलं तू मुद्दाम दाबत नाहीस, मग त्यांनी तुझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि पुन्हा दाबायला सांगितलं. पुतळे, तुझ्या शिरा ताठ होत होत्या, कपाळावर घाम आला, आणि काटा तिथेच.  परतताना गाडीत म्हणाले, "कमळाकर, मी बाईला एक दिवस मोजली. आठवडाभर मोजायला हवी होती."

त्यांनी दुसरा दाखला लिहून दिला आहे. "रुग्ण अंथरुणास खिळलेली आहे. मेहनतीचे काम झेपत नाही. थोड्या श्रमानेही प्रकृती खालावते. कारण समजलेले नाही. केव्हा सुधारेल हे सांगता येत नाही." तुला हवा होता तो हाच कागद. काल रजिस्टरने काळूरामरावांच्या नावे धाडला. ते म्हणाले होते ना, डॉक्टरच्या हातचं आण, मी भांडेन? आता भांडतील. तू निश्चिंत राहा.

तुझा,
दादा

*

पोशीर
१४ ऑक्टोबर १९७४

ती. दादास शि. सा. न.

हे पत्र सोनुबाई नेरळला टाकणार आहे. याचं उत्तर पाठवू नकोस. घरात माझी पत्रं आता आधी वाचली जातात.

काल पंच आमच्याच ओटीवर बसले. मी आत दाराशी, भिंतीला टेकून. हे खरंच भांडले. दुसरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "बायको आजारी हाय माजी, ढोंगी नाय."  तेवढ्याने मला सगळं मिळालं असं वाटलं.

मालोजींनी कागद वाचून घेतला. ते रागावले नाहीत. उलट शांतपणे म्हणाले, "मंग आमी बाईला आळशी म्हनलं ते चुकलं. पन ह्यो कागद म्हनतो, बाई हातरुनाला खिळलीय आन कवा उठंल ते डाक्टरला बी ठावं नाय. मंग पोर कोनाच्या जिवावर ठेवायची? आजारी बाईला म्हायेरी इसावा घेऊं द्या. पोर आजीकडं ऱ्हाईल."   बोलणं खोटं नव्हतं. हेसुद्धा खाली बघत राहिले. सासूबाईंनी मंगळीला मांडीवर ओढून घेतलं.

दादा, पहिल्या कागदाने मी ढोंगी ठरले म्हणून पोर जात होती. दुसऱ्या कागदाने आजारी ठरले म्हणून पोर जात होती. मी तिथे बसून विचार केला. ढोंगी बाई सुधारू शकते.

मी उठले. भिंतीला न धरता उठले, ओटीवर आले आणि पंचांच्या पाया पडले. म्हटलं, "डाक्टरला मी फसवला. मला कायबी झालेलं नाय. कामाचा कंटाळा आलता. मी चुकले. उद्यापासून कापनीला येतंय. माजी पोर माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

काय झालं सांगू? सगळ्यांचे चेहरे उजळले. सासूबाई रडल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "माजी गुनाची बाय" म्हणाल्या. मालोजी हसले. आळशी सुनेचं काय करायचं ते त्या सगळ्यांना ठाऊक होतं. आजारी सुनेचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ह्यांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण रात्री मंगळीला माझ्या कुशीत आणून ठेवली ती त्यांनीच.

आज कापणीला गेले होते. अजून काही झालेलं नाही. होईल ते मला ठाऊक आहे. तोपर्यंत मंगळी माझ्याजवळ आहे आणि ती आत्ता माझ्या पाठीवर पाय टाकून झोपली आहे. डॉक्टरांना काही सांगू नकोस. ते खरं बोलणारे आहेत, इथे येऊन पुन्हा खरं बोलतील.

तुझी,
पुतळा

*

मु. पो. पोशीर
३० ऑक्टोबर १९७४

रा. रा. कमळाकरदादा यांस,
काळूरामचा सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की,

इकडील सर्व खुशाल आहे. पंचांसमोर आपल्या बहिणीने आपण होऊन सगळं कबूल केलं, ते आपल्या कानावर आलं असेल. मला वाईट वाटलं, राग आला, पण गेला. माणूस चुकतं. तिला आम्ही घरातून घालवली नाही आणि आता घालवणारही नाही. आई तर तिला जीव लावायला लागली आहे. आपण मनात काही आणू नये. बहिणीसाठी भाऊ खोट्यालाही खरं मानून बसतो, मी असतो तर मीही तेच केलं असतं.

कापणीला ती रोज आली. पहिले काही दिवस झपाट्याने काम केलं, मालोजींनीसुद्धा तारीफ केली. शेवटच्या दिवशी शेतातच बसली, मग तिला पाठीवर घेऊन घरी आणली. आठवडा झाला, निजून आहे. बोलत नाही, डोळे उघडत नाही, तोंडात घातलेलं पाणी ओघळून जातं. पूर्वी असं पाहिलं की मी औषधासाठी नेरळला धावत जायचो. आता तसं होत नाही. तिनेच सांगितल्यामुळे आम्ही सगळे निर्धास्त झालो आहोत. आई म्हणते, लक्ष द्यायचं नाही, कंटाळून आपली उठेल.

मंगळी दिवसभर तिच्याजवळ बसून तिला हाका मारते. पोरीला कळत नाही.

डॉक्टरसाहेबांना आमचा नमस्कार सांगावा आणि झाल्या त्रासाबद्दल माफी मागावी. आता त्यांनी येण्याची गरज नाही. औषध पाठवू नये.

आपला,
काळूराम